चौथ्यांदा बंद पडलेली गाडी

चौथ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मिस्त्रीची बायको फोनवर एवढंच म्हणाली, "आलात तर बरं होईल."

पहिल्या वेळी ती ओरडली होती. दुसऱ्या वेळी रडकुंडीला आली होती, आणि तिसऱ्या वेळी तिनं त्याला चांगले चार शब्द सुनावले होते. आता तिच्या आवाजात ना राग होता ना रड. मिस्त्री "येतो," म्हणाला, हातातला पाना ठेवला आणि स्कूटरला किक मारायला गेला. तीही दोनदा नाही म्हणाली, मग लागली.

मिस्त्रीला सगळे मिस्त्रीच म्हणत. घराच्या मागं पत्र्याची शेड, त्यात जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, तेच त्याचं गॅरेज. कामाला एक माणूस होता, तो गेल्या वर्षी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला. तेव्हापासून गाडीखाली सरकायचं त्यानंच, बाहेर येऊन फोन घ्यायचा त्यानंच आणि पुन्हा खाली सरकायचं त्यानंच. वय चोपन्न. गुडघे मात्र सत्तरीचे. रात्री झोप धड लागत नसे आणि दिवसा डोळ्यांवरून उतरत नसे.

घराच्या पुढच्या खोलीत बायकोची ड्रायव्हिंग शाळा होती. शाळा म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली एक गाडी. शिकायला येणारे तिला बाई म्हणत. त्या एका गाडीवर तिची शाळा होती, आणि गाडी दीड महिन्यात चौथ्यांदा भर रस्त्यात मान टाकून बसली होती.

तो पोचला तेव्हा गाडी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, अर्धी रस्त्यात, अर्धी कडेला उभी होती. मागून येणारे हॉर्न वाजवत होते आणि शेजारून जाताना आत वाकून बघत होते. गाडी चालवत होती एक नर्स. दोन महिने शिकत होती आणि हात बरा बसला होता तिचा.

"क्लच सुटला का पायातून?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही हो. क्लच पूर्ण दाबलेला होता. समोर सायकलवाला आला, मी दाबला, बाईंनीही दाबला. गाडी थांबायच्या आधीच इंजिन गप्प झालं."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. क्लच पूर्ण दाबलेला असेल तर शिकाऊ माणसानं कितीही घोळ घातला तरी इंजिन बंद पडायचं कारण नाही. हे त्याला तीस वर्षांपासून माहीत होतं. पण या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न त्यानं आज पहिल्यांदा विचारला होता.

त्याला वहिनी आठवली.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. दादाला काचबिंदू झाला होता. एका डोळ्यानं दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं, दुसऱ्यात नळीतून बघावं तेवढंच उरलं होतं. डोळ्यांचं हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दादाची गाडी खाली कव्हर घालून उभी, पण चालवणारं कुणी नाही. दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून जायचं, गर्दीत दादाचा दंड धरून चढायचं, उतरायचं. तेव्हा वहिनीनं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ठरवलं, गाडी शिकायची. आणि शिकायची तर धाकट्या जावेकडेच, घरची शाळा असताना बाहेर कशाला जायचं?

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा एक बेकरीवाला चालवत होता. दोष शोधायचा स्कॅनर गाडीला लावला तर स्कॅनर म्हणाला, इंधनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये दोष. मिस्त्रीनं सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा वहिनी चालवत होती. स्कॅनरवर दोषाचा तोच कोड. त्यानं सेन्सरला वायरी जोडणारा कपलर बदलला. तिसऱ्यांदा त्याच आठवड्यात पुन्हा वहिनीच होती. नवा सेन्सरच खराब निघाला असेल म्हणून त्यानं आणखी एक नवा बसवला, गाडी स्वतः काढली, चढ, उतार, गर्दी, मोकळा रस्ता असं वीसपंचवीस किलोमीटर फिरून आला. गाडी लोण्यासारखी चालली.

त्या दिवशी वहिनी शेडच्या दारात पर्स छातीशी धरून उभी होती. बायको वैतागलेली होती. चौकात अर्धा तास लोकांच्या शिव्या खाऊन आली होती. ती वहिनीच्या देखत म्हणाली, "सेन्सर दोनदा बदलला, ताई. आता गाडी तरी किती दोष घेणार? तुमचा पाय क्लचवरून सुटतो."

वहिनीनं मिस्त्रीकडे पाहिलं. "भावजी, माझा पाय सुटला नव्हता हो."

मिस्त्री फडक्याला हात पुसत होता. त्याची पाठ भरून आली होती, शेडमध्ये दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि त्याला कधी एकदा हे सगळे जातात असं झालं होतं. तो म्हणाला, "वहिनी, मी स्वतः तपासलीय. गाडीत काही नाही."

वहिनीनं मान हलवली आणि गेली. त्याला तीन आठवडे झाले. ती पुन्हा शिकायला आली नाही, फोनही केला नाही. बायको म्हणाली, "सुटले." पण त्यानंतर दोनदा तिनं जेवताना, काही विषय नसताना, "ताईंचा फोन होता का तुम्हाला?" असं विचारलं होतं.

आता नर्स हातात चाव्या घेऊन त्याच्यापुढं उभी होती. मिस्त्रीनं त्या घेतल्या. त्यानं गाडी चालू केली. गाडी एका झटक्यात चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "आज मी मागच्या सीटवर बसतो. स्कॅनर लावून. तुझे सगळे विद्यार्थी होईपर्यंत."

"दिवसभर? आणि शेडमधल्या गाड्या?"

"राहू देत. तीनदा पार्ट बदलले, तपासलं एकदाही नाही."

"पोरं बिचकतील तुम्हाला बघून. आधीच त्यांचे हात कापतात."

"त्यांना सांग, म्हातारा झोपायला आलाय."

ते अगदीच खोटं नव्हतं. पहिला आला तो शिंपी. मान पुढं काढून, सुईत दोरा ओवावा तसा रस्त्याकडे बघत चालवायचा आणि गाडीशी बोलायचा. "चल बाळा, हळू, हळू, शाब्बास." मिस्त्रीच्या मांडीवर स्कॅनर होता. पडद्यावर इंधनाच्या दाबाची हिरवी रेघ. शिंप्यानं पाय दिला की रेघ चढायची, पाय काढला की उतरायची. उतरताना मात्र दमानं उतरायची, घसरगुंडीवरून पोर उतरावं तशी. इंजिन व्यवस्थित, दाब व्यवस्थित. तासाभरात काही झालं नाही. दुसरी आली ती कॉलेजातली मुलगी. तिला शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिच्या तासाला बायकोनं दोन वेळा जांभई दिली, मिस्त्रीनं पाच वेळा. रेघ चढत होती, उतरत होती, आणि तिच्याबरोबर त्याच्या पापण्याही.

तिसरे होते निवृत्त चित्रकला शिक्षक. सभ्य माणूस, पण गाडी चालवताना आजूबाजूचं बघत राहायची खोड. बाजाराच्या कोपऱ्यावर ते एका दुकानाच्या पाटीकडे बघत राहिले आणि समोरून टेम्पो वळला.

"मास्तर!" बायको ओरडली आणि तिनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही पेडल असतात, ब्रेक आणि क्लच. डबल पेडल म्हणतात त्याला. तिनं दोन्ही पार जमिनीला टेकवले. गाडी जागच्या जागी थबकली, मिस्त्रीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, आणि इंजिन बंद पडलं.

कपाळ चोळत त्यानं पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. रेघ उतरली नव्हती, कड्यावरून दगड पडावा तशी एका क्षणात शून्यावर गेली होती, सरळ उभी.

"बंद पडली!" बायको मागं न बघताच म्हणाली. "बघा, पडली ना?"

"पडू दे," तो म्हणाला. "दाब असा पडत नाही."

"म्हणजे?"

"नळीत इंधन कोंडलेलं असतं. ते कमी व्हायचं तर थोडा तरी वेळ लागतो. हा पडला नाही, हा दिसेनासा झाला. वायर तुटतेय कुठंतरी. दाब कळेना म्हटल्यावर इंजिन भिऊन बंद होतंय." तो पुढं वाकला. "आत्ता तू काय केलंस?"

"ब्रेक दाबला. नाहीतर मास्तर, तुम्ही आणि मी, तिघंही टेम्पोखाली होतो."

"किती दाबलास?"

"किती म्हणजे? पट्टी घेऊन मोजू का?"

मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे. त्या पाटीवरचा ळ फार सुंदर काढला आहे हो." कुणी हसलं नाही.

मिस्त्रीला आता घाई झाली होती. मास्तरांना घरी सोडून गाडी शेडमध्ये घेतली, इंजिन चालू ठेवलं, आणि तो जिथं कधीच बसला नव्हता तिथं, बायकोच्या जागेवर बसला. वीसपंचवीस किलोमीटर फिरला होता तेव्हा तो एकटा होता. ही जागा रिकामी होती. चालवणाऱ्यानं आपला ब्रेक दाबला तरी इथलं पेडल हलत नसे, आणि ते कुणी दाबलंच नव्हतं. तरी त्यानं छातीठोक सांगितलं होतं, गाडीत काही नाही.

त्यानं ब्रेकचं पेडल हळूहळू दाबायला सुरुवात केली. पाव. अर्धं. पाऊण. इंजिन फिरत होतं. शेवटचं बोटभर अंतर राहिलं, ते दाबलं, आणि इंजिन मेलं.

पुन्हा चालू केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा मेलं.

मग तो खाली उतरला, गुडघ्यांना शिव्या देत दारात बसला, आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. या गाडीत इंजिनचा संगणक आतल्या बाजूला, याच पायांच्या जागेत होता. सगळ्या वायरी तिथंच येत होत्या. तीन वेळा तो बोनेट उघडून सेन्सरच्या टोकाला झुंजत बसला होता, आणि दोष दुसऱ्या टोकाला होता. वायरींचा एक जुडगा काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं डबल पेडलच्या दांड्याला बांधलेला होता. पेडल पार खाली गेलं की दांडा जुडगा ओढायचा. सेन्सरची बारीक वायर वरून धड दिसत होती, पण बोटांत धरून वाकवली तर आत पोकळ लागली. आतली तार तुटली होती. सैल असताना टोकाला टोक लागून चालायची, ताण आला की सुटायची.

पट्टीचं उरलेलं टोक तिरकं कापलेलं होतं. पट्टी तिरकी कापायची सवय त्याची स्वतःची. डबल पेडल त्यानंच बसवले होते, दोन वर्षांपूर्वी. वायरी पायात लोंबत होत्या, क्लिप हाताशी नव्हती, उठून आणायचा कंटाळा आला म्हणून दिसेल त्या दांड्याला बांधून टाकल्या होत्या. उद्या नीट करू म्हणून.

तो तसाच, अर्धा गाडीत अर्धा बाहेर, बराच वेळ बसून राहिला. उठायचं जिवावर आलं होतं. मग त्यानं पट्टी कापली, तुटलेला तुकडा काढून नवी वायर डाख देऊन जोडली, वर प्लॅस्टिकची नळी चढवली, जुडगा सैल सोडून बाजूच्या पत्र्याला क्लिपनं बसवला. आणि पेडल चाळीस वेळा दाबलं. मोजून, जोर लावून. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

बायको पुढच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून बसली होती. त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, पट्टीचंही.

तो शिव्यांची वाट बघत होता.

"म्हणजे मी पार खाली दाबलं तरच बंद पडायची?" तिनं विचारलं.

"हो."

"बेकरीवाल्याच्या वेळी कुत्रा आडवा आला होता. काल सायकलवाला. आज टेम्पो." ती थांबली. "ताईंच्या वेळी कुणीच आलं नव्हतं हो. दोन्ही वेळा नाही."

"मग का दाबलंस?"

"त्या बसल्या की माझा पाय पेडलवरच असायचा. त्या चुकायच्या आधीच मी दाबायचे." ती आपल्या चपलांकडे बघत होती. "लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर माझ्या मागं उभ्या असायच्या स्वयंपाकघरात. मी हात घातला की म्हणायच्या, थांब, दे इकडं. प्रेमानंच म्हणायच्या. पण एक काम पुरं करू दिलं नाही कधी."

मिस्त्री खुर्चीत टेकला.

"जाऊ या सांगायला?" तो म्हणाला.

"तुम्ही जा. मला आज नाही जमणार."

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबला, दम लागला म्हणून आणि वाक्य जुळत नव्हतं म्हणूनही. दार वहिनीनंच उघडलं. "या भावजी," म्हणाली, पण नेहमीसारखं पाणी आणायला वळली नाही. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, ती पुन्हा घड्या घालू लागली. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत, चेहरा उजेडाकडे करून बसला होता.

मिस्त्रीनं उभ्या उभ्याच सांगितलं. वायर, पेडल, पट्टी. बायकोनं पाय पेडलवर ठेवला होता तेही सांगितलं, कारण ते गाळलं असतं तर पुन्हा अर्धंच झालं असतं.

दादा आधी हसला. "सेन्सर दोनदा बदललास?"

"हो."

"आणि दोष तुझ्याच गाठीत?"

"हो, दादा."

"डोळे माझे गेले, आणि दिसत नाही तुला!" दादा मांडीवर थाप मारून हसत राहिला.

वहिनी हसली नाही. तिनं एका शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तुम्ही म्हणालात गाडीत काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी वावगं सांगत नाही, म्हणून मी खरं मानलं. घरी आले आणि यांना म्हटलं, माझ्याच पायात काहीतरी आहे. दाबलेला पाय सुटतो आणि मला कळतसुद्धा नाही. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पायाला सुया टोचून बघितल्या, कंबरेचा फोटो काढला. रात्ररात्र पडून विचार करायचे, यांचे डोळे गेले, माझा पाय गेला तर कुणी कुणाला धरायचं?"

दादाचं हसू विरलं.

"चुकलो, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "दमलो होतो. पण ते काही कारण नाही."

"नाहीच." तिनं घडी ढिगावर ठेवली. "दमलेलं कोण नाही?" मग जरा वेळानं, "आणि ती का नाही आली?"

"तिला लाज वाटतेय."

"वाटू दे थोडी." वहिनी उठली, आत गेली. भांड्याचा आवाज आला. ती पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली आणि त्याच्या हातात देत म्हणाली, "शनिवारी सकाळी येते म्हणावं. पण मला शिकवायचं असेल तर पाय वर घेऊन बसायचं. मांडी घालून. आणि मी तिच्यामागं उभी राहायचे ते मला आठवतंय, हेही सांगा."

त्यानं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि कपाट आवरायला लागली. कपाट आवरलेलंच होतं.

शनिवारी दोघी गेल्या. दीड तासानं परत आल्या. वहिनीचा पदर घामानं भिजला होता, बायकोचा आवाज बसला होता. काय झालं ते दोघींपैकी कुणी सांगितलं नाही, आणि मिस्त्रीनं विचारलं नाही. संध्याकाळी त्यानं स्कॅनर लावला. कोड नव्हता.

वहिनी पहिल्या परीक्षेत नापास झाली. रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली. दोष तिनं ना गाडीला दिला ना जावेला. दुसऱ्या परीक्षेत पास झाली. दोघी जावांचं म्हणाल तर फार काही बदललं नाही. गाडीत त्या तासतास बोलायच्या, खाली उतरल्या की पहिल्यासारख्याच जपून जपून. पण तासतास बोलायच्या, हेच पुष्कळ होतं.

लायसन्स हातात पडलं त्याच दुपारी वहिनीचा फोन आला.

"भावजी, यांची गाडी आता बाहेर काढायला हवी. दीड वर्ष खाली कव्हर घालून उभी आहे. गुरुवारी हॉस्पिटलची तारीख आहे."

"बघतो," मिस्त्री म्हणाला.

"बघतो नको. आज येऊन बघा."

तो गेला. इमारतीच्या खाली, कोपऱ्यात, धुळीनं करड्या झालेल्या कव्हराखाली दादाची गाडी होती. त्यानं कव्हर ओढलं. चारही टायर बसलेले, बॅटरी मेलेली, काचेवर पक्ष्यांनी केलेली घाण, बोनेटखाली उंदरानं चिंध्यांचं घरटं केलेलं. वायरी कुरतडल्या असतील तर त्या एकेक करून बघाव्या लागणार होत्या.

वर खिडकीत दादा उभा होता. त्याला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, तरी तो खाली तोंड करून ओरडला, "काय रे, जिवंत आहे का?"

"बघतोय!" मिस्त्री ओरडला.

तो शेजारच्या पायरीवर जरा वेळ बसला. मग उठला, बाह्या वर केल्या आणि घरटं काढायला सुरुवात केली.